मुलीला इन्फ्लुएंझा झालाय, सासूबाईंना रेलेन्झा प्रतिबंधक म्हणून द्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: योकोहामात राहता, नऊ वर्षांच्या मुलीला कालच इन्फ्लुएंझा ए निघालाय, भारतातून आलेल्या 67 वर्षांच्या सासूबाई त्याच घरात आहेत, आणि डॉक्टर म्हणतात आजींनी प्रतिबंधक म्हणून रेलेन्झा या फ्लूवरच्या औषधाची पावडर श्वासातून ओढावी. द्यावी का, आणि तिने खरंच फरक पडतो का?

पडतो. द्यायला हरकत नाही. पण त्याआधी सासूबाईंना एक गोष्ट विचारा, आणि ती विचारताना "दमा" हा शब्द तोंडातून काढू नका. "तुम्ही पंप ओढता का, कधी ओढला होता का," असं विचारा. मी उलटं केलं होतं. त्यावरून मी आजपर्यंत बोलणी ऐकते आहे, म्हणून लिहायला बसले.

जानेवारी 2017. आम्ही टोकियोत निशी-कासाईला, सातव्या मजल्यावर. मुलगा तेव्हा 11 वर्षांचा. शाळेतून येताना तोंड लाल, ताप 39 च्या वर. नाकात काडी घालून तपासलं, ए निघाला. तेव्हा जपानात 10 ते 19 वयाच्या मुलांना टॅमीफ्लू, म्हणजे फ्लूवरचं पोटात घ्यायचं औषध, सहसा देत नसत. काही मुलं तापात विचित्र वागली, उंचावरून पडली, त्यानंतर 2007 पासून ही बंदी होती आणि ती 2018 मध्ये उठली. त्यामुळे या वयाच्या पोरांच्या हातात ओढायची पावडरच यायची. आमच्याकडेही तीच आली: गोल प्लास्टिकचं यंत्र आणि चांदीच्या रंगाच्या चकत्या, प्रत्येक चकतीवर चार फोड. एका फोडात 5 मिलिग्रॅम औषध. दोन फोड सकाळी, दोन रात्री, पाच दिवस. शिवाय दोन दिवस मुलाला एकटं सोडू नका, बाल्कनीचं दार लावून ठेवा, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. तुमच्या मुलीच्या बाबतीतही हे पाळा, औषध कुठलंही असो.

सासूबाई सांगलीहून आलेल्या, वय 66. डॉक्टर म्हणाले, आजींनाही देऊया, रोज एकदा दोन फोड, दहा दिवस. 65 च्या पुढचे आणि रुग्णाच्या घरात राहणारे, अशांनाच इथे सहसा प्रतिबंधक देतात, आणि ते विम्यात बसत नाही, खिशातून भरावं लागतं. सासूबाईंनी 2009 ची पुण्यातली स्वाइन फ्लूची साथ पाहिली होती. नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा, तोंडाला रुमाल बांधलेलं अख्खं शहर, आणि टॅमीफ्लू हे नाव त्यांना पाठ होतं. त्यांनी विचारलं, "टॅमीफ्लूच का नाही देत?" डॉक्टर म्हणाले, पावडर छातीतच काम करते, रक्तात फार थोडी उतरते, बीपीच्या गोळ्या चालू आहेत तर हे सोपं पडेल. बोलणं बरोबरच होतं.

मग फॉर्म आला. मी पोटापाण्यासाठी दुभाषाचं काम करते, जपानी-मराठी-हिंदी. कारखान्यांच्या बैठकांमध्ये एका बोल्टच्या आट्यांवरून झालेले गैरसमज मी सोडवलेत. फॉर्मवर "झेन्सोकु" होतं, म्हणजे दमा. मी वळून विचारलं, "आई, तुम्हाला दमा आहे का?" खोलीत नवरा होता, मुलगा होता, बाकड्यावर आणखी दोन भारतीय बायका होत्या. सासूबाई म्हणाल्या, "नाही गं बाई, कसला दमा. थंडीत जरा धाप लागते, वयामुळे." मी "नाही"वर खूण केली. औषधाच्या दुकानातही तोच एक शब्द विचारला गेला, तेच उत्तर गेलं, आणि पिशवी हातात आली. दुकानातल्या माणसाने पुढे एक प्रश्न विचारला असता, की धाप लागली की काय करतात, तर तिथेच उलगडा झाला असता. पण विचारायला हवं होतं मी. शब्द मी अचूक भाषांतरित केला. प्रश्न पोचवला नाही.

रात्री नातवाने दाराच्या चौकटीत उभं राहून, मास्क लावून, आजीला यंत्र कसं धरायचं ते दाखवलं. झाकण सरळ उभं करायचं म्हणजे फोड फुटतो. मग यंत्र आडवं धरायचं, श्वास बाहेर सोडायचा तो यंत्रात नाही, बाजूला. ओठ घट्ट मिटायचे पण कडेची भोकं झाकायची नाहीत, आणि एका दमात झटकन, खोल ओढायचं. पहिल्यांदा ओढणारी माणसं हमखास चुकतात. मुलाने स्वतः पहिला फोड फुंकून उडवला होता, पांढरी धूळ उशीवर. सासूबाईंनी मात्र पहिल्याच झटक्यात अशी ओढली की मी बघत राहिले. मान किंचित मागे, डोळे मिटलेले, श्वास रोखून मनात दहापर्यंत आकडे, मग नाकातून हळू सोडला. मी म्हणाले, "आई, तुम्हाला किती छान जमलं!" त्या काही बोलल्या नाहीत.

तो हात सरावाचा होता. मला तेव्हा कळायला हवं होतं.

दहा मिनिटांत कोरडा खोकला सुरू झाला. मग छातीत शिट्टी. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत वर आलेले, आणि बोलताना एकेक शब्द सुटा. नवरा रुग्णवाहिकेसाठी 119 लावायला फोन शोधत होता. मी गरम पाणी घेऊन धावले, ज्याचा काही उपयोग नव्हता. सासूबाईंनी बॅगेकडे बोट केलं. तळाशी, दोन इरकलींच्या घडीत, खणाच्या बटव्यात निळा पंप होता. अस्थालिन. सांगलीच्या मेडिकलचं बिलही त्यातच, दुमडून. त्यांनी दोन झटके मारले, थांबल्या, पुन्हा दोन. पंधरा-वीस मिनिटांत खांदे खाली आले. आम्ही तरी रात्रीच्या दवाखान्यात नेलंच. बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन 95 निघाला, तासभर बसवून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी पावडर बंद, त्याऐवजी टॅमीफ्लूची कॅप्सूल, रोज एक. त्यांना फ्लू झाला नाही.

आता नणंदेचं. त्यांचं म्हणणं आजही हेच, की "त्या जपानी पावडरीने आईला दमा लावला." दर दिवाळीला, दर लग्नात, चार लोकांत. पहिली गोष्ट, हे औषध जपानी नाही. रेलेन्झातला झानामिविर हा रेणू ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला 1989 साली बनला आणि 1999 मध्ये बाजारात आला. विषाणूच्या अंगावर न्युरामिनिडेज नावाची एक कात्री असते. पेशीत तयार झालेले नवे विषाणू पेशीच्या पृष्ठभागाला चिकटलेले असतात, ते ही कात्री सोडवते, तेव्हा ते पुढच्या पेशीवर जातात. हे औषध त्या कात्रीच्या पात्यात अडकून बसतं. पोटातून ते जवळजवळ शोषलंच जात नाही, म्हणून श्वासातून द्यावं लागतं. पावडर उडावी म्हणून सोबत दुधातली साखर, लॅक्टोज, मिसळलेली असते. म्हणूनच दुधाच्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असेल तर हे घ्यायचंच नाही.

दुसरी गोष्ट, पावडर कुणाला दमा लावत नाही. दमा असलेल्याच्या श्वासनळ्या आधीच चिडक्या असतात, आणि कोरडी भुकटी आत गेली की त्या आकसू शकतात. हे औषधाच्या पत्रकातच लिहिलेलं आहे. अमेरिकेत दमा आणि सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांना हे देऊ नये असंच सांगतात. जपानी पत्रक म्हणतं, द्यायचंच असेल तर जपून, आधी श्वासनळी रुंदावणारा पंप ओढून आणि तो हाताशी ठेवून. म्हणजे बटव्यातला निळा पंप त्या रात्री टेबलावर असता तर डॉक्टरांनी एकतर औषध बदललं असतं, नाहीतर क्रम सांगितला असता.

तिसरी गोष्ट मी आजवर चार लोकांत बोललेले नाही. तो पंप संपला की नवा आणून देणाऱ्या ताईच, म्हणजे या नणंदच होत्या. बिल त्यांच्याच गल्लीतल्या मेडिकलचं होतं. घरात नऊ वर्षं दमा होता आणि मला, सुनेला, कुणी सांगितलं नव्हतं. का, ते सासूबाईंनी मला नंतर सांगितलं. घरात लग्नाची मुलगी असताना आईला दमा आहे असं बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. लोक म्हणतात, आनुवंशिक असतो, आणि स्थळ परत जातं. लग्न झालं, मुलं झाली, पण एकदा लपवलेलं लपलेलंच राहिलं. त्यात "पंपाची सवय लागते" हे शेजारणींनी डोक्यात भरवलेलं, म्हणून पंप चोरून, अगदीच सहन होईना तेव्हा. पंपाची सवय लागत नाही. चष्म्याची लागते तेवढीच. आणि नेमाने न घेतलेल्या औषधामुळेच त्यांची छाती त्या रात्री एवढी तापट होती, असं इथल्या छातीच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. मी सासूबाईंवर रागावलेली नाही. त्यांनी ज्या भीतीपोटी लपवलं ती भीती खरी होती. ताईंवर आहे.

आता तुमच्या प्रश्नाचा राहिलेला भाग. फरक किती पडतो? आजारी माणसाला, लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांत सुरू केलं तर मोठ्या माणसाचा आजार सरासरी अर्ध्या दिवसाने कमी होतो. तेवढंच. यापेक्षा जास्त कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. प्रतिबंधक म्हणून मात्र ते मला खरंच उपयोगी वाटतं. घरात एकाला फ्लू झालेल्या कुटुंबांचा एक अभ्यास 2000 साली आला होता. त्यात औषध नसलेली साधी भुकटी मिळालेल्या 100 पैकी 19 कुटुंबांत आणखी कुणाला तरी फ्लू झाला, आणि झानामिविर मिळालेल्यांत फक्त 4 कुटुंबांत. मात्र उशीर चालत नाही. मुलीची लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण 36 तासांच्या आत आजींचा पहिला फोड फुटायला हवा, आणि दहा दिवस रोज. चौथ्या दिवशी "मला काही झालं नाही" म्हणून सोडायचं नाही. इथे इनाव्हिर नावाचं एकदाच ओढायचं औषधही मिळतं, लानिनामिविर. पण तीही लॅक्टोजवाली कोरडी पावडरच, म्हणून दम्याचा प्रश्न तिथेही तोच, आणि एकदाच्या ओढण्यात चूक झाली तर दुसरी संधी नाही. ज्यांना कोरडी पावडर चालत नाही त्यांना टॅमीफ्लूची कॅप्सूल असते. मळमळ होते काहींना, जेवणानंतर घ्यावी.

मी डॉक्टर नाही, हे खरं तर वर लिहायला हवं होतं. दमा नसलेल्यालाही क्वचित या पावडरीने श्वास अडकतो, म्हणून पहिला डोस डॉक्टरांचा फोन लागेल अशा वेळी द्या, रात्री अकराला नको. ही पावडर पाण्यात विरघळवून नेब्युलायझरमधून द्यायची कल्पना कुणी काढली तर अजिबात ऐकू नका, त्यातून जीव गेल्याची नोंद आहे. आणि यातलं काहीही लसीच्या जागी चालत नाही. पुढच्या वेळी सासूबाई येतील तेव्हा निघण्याआधी दोन आठवडे भारतातच लस घेऊन येऊ देत.

सासूबाई त्यानंतर दोनदा आल्या. मी त्यांना इथल्यासारखी औषधांची वही, ओकुसुरी-तेचो, करून दिली. दुकानात फुकट मिळते, आमचीवर सशाचं चित्र आहे. पहिल्या पानावर बीपीची गोळी, पंप, आणि "झेन्सोकु" मोठ्या अक्षरांत. विमानातून उतरल्या की ती वही त्या स्वतःच माझ्या हातात देतात, आणि निळा पंप आता फ्रिजवर, सगळ्यांना दिसेल असा असतो.

तुम्ही आज सासूबाईंना स्वयंपाकघरात विचारा. नवरा, मुलगी, शेजारीण कुणी नसताना. "धाप लागते तेव्हा काय घेता," असं. बॅगेत काही असेल तर ते तिथल्या तिथे काढून दाखवायला सांगा, आणि त्याचा फोटो काढून दवाखान्यात न्या. मुलीला काल दुपारी ताप आला असेल तर आजींसाठी तुमच्याकडे आज रात्रीपर्यंतचाच वेळ आहे.