पायथनमध्ये लिस्टमधले शेवटचे एन घटक काढताना मायनस एन लिहावं की लांबीतून वजाबाकी करावी?

आकडा ठरलेला असेल, म्हणजे कायम शेवटचे ३च हवे असतील, तर लिस्ट[-३:] लिहा आणि मोकळे व्हा. लिस्टमध्ये दोनच घटक असले तरी एरर येत नाही, आहेत ते दोन मिळतात.

पण तुम्ही 'एन' म्हटलंत, म्हणून लिहायला बसलो.

पहिल्या नोकरीत माझ्याकडे एक काम होतं: रात्रीचा जॉब संपला की शेवटच्या एन एरर टीमला मेल करायच्या. मी लिहिलं होतं लिस्ट[लेन(लिस्ट) - एन:]. कोड रिव्ह्यूत सीनियरने सगळ्यांदेखत विचारलं, "सी मधून थेट इकडे आलास का? पायथनमध्ये मायनस एन लिहितात."

"आणि एन शून्य आला तर?"

"शून्य एरर कोण कशाला मागेल?"

हशा पिकला. मी मुकाट्याने बदललं. दोन महिन्यांनी कुणाला तरी त्या मेलचा कंटाळा आला आणि त्याने सेटिंगमध्ये एन शून्य करून ठेवला. मायनस शून्य म्हणजे शून्यच, त्यामुळे स्लाइस (लिस्टमधून कापून घेतलेला तुकडा) पहिल्या घटकापासून सुरू झाला आणि अख्खी लिस्ट, हजारो ओळी, प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये. सकाळी तोच सीनियर माझ्या टेबलापाशी: "हा कोड कुणाचा?" कमिटवर, म्हणजे बदलाच्या नोंदीवर, नाव अर्थात माझं.

तेव्हा एन सेटिंगमधून किंवा युजरकडून येत असेल तर मायनस एन लिहूच नका, दिसायला कितीही सुटसुटीत असो. जावास्क्रिप्टच्या स्लाइसमध्येही हाच खड्डा आहे. (तिथे घाईत स्प्लाइस लिहिलंत तर मूळ ॲरेच कापला जातो, ते वेगळंच.) रुबीत मात्र लास्टला शून्य दिलं की रिकामा ॲरे मिळतो. शहाणी माणसं.

हां, एक राहिलं. माझी वजाबाकीही जशीच्या तशी उचलू नका. लिस्टमध्ये ४ घटक आणि एन ५ असेल तर उत्तर येतं मायनस १, आणि चारऐवजी फक्त शेवटचा एकच घटक हाती लागतो. म्हणून लिस्ट[मॅक्स(०, लेन(लिस्ट) - एन):] असं लिहा. ही चूक त्या रिव्ह्यूत दाखवली असती तर मी निमूट मान खाली घातली असती. पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं, सगळे माझ्या स्टाइलवर हसत होते.