आजोबा टीम का बदलत नाहीत

सोन्या,

गेल्या शनिवारी सकाळी साडेदहाला तू स्वयंपाकघरात आलास, तेव्हा मी फोन डब्याला टेकवून ठेवला होता आणि लाटणं हातात धरून नुसती बघत उभी होते. इथे इंग्लंडमध्ये सकाळ, पण कोल्हापुरात तेव्हा दुपारचे चार वाजले होते. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीची फुटबॉलची मॅच चालू होती आणि आपण दोन गोलांनी मागे होतो. तू जरा वेळ बघितलंस आणि विचारलंस, "आई, आजोबांची टीम दर वर्षी हरते. मग ते दुसरी टीम का नाही घेत?" मी "नंतर सांगते" म्हणाले, कारण तव्यावरची पोळी जळत होती. शिवाय उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून आज लिहिते आहे.

आधी तालीम म्हणजे काय ते सांगते. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. आत तांबड्या मातीचा हौद, भिंतीशी मारुती, कोपऱ्यात मुद्गल. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला असा काही आधार दिला की पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या. त्यांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून आहे, आपण मागच्या सुट्टीत त्याच्या बाहेर भेळ खाल्ली होती. पुढे याच तालमींच्या पोरांनी फुटबॉल धरला. म्हणून कोल्हापूरच्या संघांची नावं बघ : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात आमच्या गावात पेठेतली मॅच बघायला हजारो माणसं उन्हात बसतात. आपल्या गावचा अनिकेत जाधव २०१७ साली भारताकडून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला, तेव्हा सगळ्या शहराला घरचं कार्य असल्यासारखं झालं होतं.

आपली तालीम या मोठ्या नावांतली नाही. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं छप्पर असलेली ती खोली, तीच. तुझे पणजोबा तिथे कुस्ती करायचे, आजोबा तिथून फुटबॉल खेळले, मामा दोन वर्षं राखीव गोलकीपर होता. चांगला खेळणारा पोरगा निपजला की मोठी तालीम त्याला घेऊन जाते. मग दोन-तीन हंगाम आपण तळाच्या चार संघांत असतो. हे आजोबांच्या तरुणपणीही असंच होतं.

टीम 'घेणं' हा शब्द आजोबांना कळणारच नाही. त्यांनी ती घेतलेली नाही. ती त्यांना घराच्या पत्त्यासारखी मिळाली. गणपती त्याच तालमीचा, मोहरमचा पंजा तिथेच बसतो, पंगत तिथली, आणि गल्लीत कुणी गेलं की तिरडी बांधायला येणारी पोरंही तिथलीच. फुटबॉल हे त्या सगळ्यातलं एक. फक्त ते मैदानावर असतं म्हणून त्यातली हार सगळ्या गावाला दिसते.

मी नऊ वर्षांची असताना आजोबांनी मला एकदा स्टेडियमवर नेलं होतं. तेव्हा मुली फारशा जात नसत, आजी नको म्हणत होती. सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून मला पुढे बसवलं. पायऱ्या तापलेल्या होत्या, त्यावर त्यांनी रुमाल अंथरला आणि शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात दिली. तीन गोल खाल्ले आपण. तिसरा झाल्यावर शेजारचे लोक उठून चालू लागले. पलीकडच्या समर्थकांच्या हलग्या इतक्या जोरात वाजत होत्या की माझ्या छातीत धडधडत होतं. आजोबा उठले नाहीत. शिट्टी होईपर्यंत बसले. मग उभं राहून त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आमच्या भागात टाळ्या वाजवणारे ते बहुधा एकटेच होते. मला त्या वेळी लाज वाटली होती.

खाली गेटजवळ आपला सेंटर फॉरवर्ड उभा होता. त्याने पेनल्टी बाहेर मारली होती. उद्यमनगरात लेथवर काम करायचा तो, सकाळची पाळी करून मॅचला आला होता, नखांत काळं ऑइल तसंच होतं. आजोबांनी माझ्या हातातली उरलेली पुडी घेतली आणि त्याच्या हातात कोंबली. "जेवलास का रं?" एवढंच विचारलं. त्याने मान हलवली. मग ते त्याला तालमीपर्यंत चालत घेऊन गेले, सायकल हातात धरून, मी मागे कॅरिअरवर. वाटेत मॅचबद्दल एक शब्द नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी आजीचं ऑपरेशन झालं. तो हंगाम आपला फार वाईट गेला होता, एकही मॅच जिंकलो नव्हतो. रक्त लागणार म्हणून आजोबांनी तालमीत नुसतं सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत दवाखान्याच्या जिन्यात अकरा पोरं उभी होती. त्यात तो लेथवाला होता, त्याची आता मिशी आली होती. टीम बदलायची म्हणजे आजोबांनी यांना काय सांगायचं, सांग बरं?

यात सगळंच चांगलं आहे असं मी तुला सांगणार नाही. पेठेच्या अभिमानापायी स्टेडियमवर दगड पडले आहेत, मारामाऱ्यांमुळे सामने थांबवावे लागले आहेत. मला त्याचा राग येतो, आजोबांनाही येतो. आपल्या तालमीवर जीव आहे म्हणून समोरच्याच्या पोराचं डोकं फोडायचं, ही निष्ठा नव्हे. आजोबा दुसऱ्या पेठेतल्या चांगल्या गोलालाही "वा रं वाघा!" म्हणतात, हे मी कानांनी ऐकलं आहे.

आणि तू हे सगळं कोल्हापूरचंच समजू नकोस. आपण संडरलँडमध्ये राहतो, तुझ्या दप्तराला इथल्या संघाची लाल-पांढरी पट्टी आहे. पलीकडच्या घरातले आजोबा तुला सांगतात ना, १९७३ साली ते वडिलांबरोबर होते, दुसऱ्या श्रेणीतल्या संडरलँडने लीड्सला एक-शून्य हरवून एफए कप हा इंग्लंडचा मोठा चषक जिंकला तेव्हा? त्यानंतर आजवर तसा मोठा चषक आलेला नाही. लीगचं शेवटचं विजेतेपद तर १९३६चं. २०१७ आणि २०१८ मध्ये लागोपाठ दोनदा संघ खाली घसरला, थेट तिसऱ्या श्रेणीत. आणि त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, थंडीत, तिसऱ्या श्रेणीची मॅच बघायला ४६,०३९ माणसं आली. आम्ही इथे नवीन होतो. तुझ्या बाबांनी आकडा ऐकून फोन लावला तो आजोबांना. आजोबा म्हणाले, "म्हंजे तिथंबी तालीम हाय म्हण की."

स्टेडियमबाहेर तो मोठा दिवा आहे ना, ज्याच्याखाली तुझा फोटो काढला? खाणकामगारांचा दिवा आहे तो. बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीच्या जागेवर १९९७ साली ते मैदान उभं राहिलं. पलीकडच्या आजोबांचे वडील त्याच खाणीत उतरायचे. खाण गेली, काम गेलं, शनिवारी एकत्र जायची जागा तेवढी राहिली. म्हणून २०२५ मध्ये संघ पुन्हा प्रीमियर लीगमध्ये चढला त्या संध्याकाळी ते अंगणात उभे राहून रडत होते, आणि मी त्यांना चहा नेऊन दिला तर कप धरता येईना.

तुझ्या वर्गातला मित्र आता मँचेस्टरचा शर्ट घालतो म्हणालास. घालू दे. त्याच्याशी भांडू नकोस. तुला कुठला घालायचा ते तू ठरव, मी काही बोलणार नाही.

या शनिवारी परत साडेदहाला आपली मॅच आहे. हरलो तर वरिष्ठ गटातून खाली जायची वेळ येईल. मामा स्टेडियमवरून दाखवणार आहे. तू बसणार असलास तर मी पोळ्या आधीच करून ठेवीन. आजोबांना फोन लाव, पण हाफटाइमला. मॅच चालू असताना ते उचलत नाहीत.

तुझी,
आई