जाळी लावली, तरी ससा आत कसा?

प्रश्न : मळ्यात 30 बाय 20 फुटांचा भाजीचा तुकडा आहे. शेजारच्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्यापासून मेथी, कोबी रात्रीतून खुडली जाते. 3 फूट उंच नायलॉनची जाळी लावली, तरी तेच. हे ससेच असतील का? काय करावं?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : आधी देठ बघा. सशाने खाल्लेला देठ विळ्याने तिरपा छाटल्यासारखा दिसतो. शेळी ओढून तोडते, तिथे दोरे लोंबतात. आसपास वाटाण्याएवढ्या, किंचित चपट्या लेंड्या असतील आणि वाळलेली लेंडी चुरल्यावर गवताचा भुसा निघाला, तर ससाच. पऱ्हाट्यांचा आडोसा आणि चारा गेला की तो हिरव्या तुकड्याकडे वळतो.

नायलॉन काढून टाका. ससा ते दातांनी तोडतो, शिवाय त्यात धामण अडकून मरते आणि मग उंदरांना रान मोकळं. खुराड्याला लावतात ती षटकोनी तारेची जाळी आणा : भोक 1 इंचाचं, रुंदी 4 फूट, लांबी 105 फूट. खांब 18, दारासाठी एक जास्त. 3 फूट जाळी उभी, उरलेली 1 फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी वळवा आणि तिच्यावर दगड ठेवून माती ओढा. आपला ससा बीळ करून राहत नाही. तो जाळीच्या पायथ्याशी येऊन फट शोधतो, तिथेच उकरतो. पायाखाली जाळीच असली की हात टेकतो.

काही जण जाळी सरळ खाली पुरतात. आपल्या काळ्या जमिनीत ते टिकत नाही. पाणी आटलं की भेगा पडतात आणि जाळीलगतच वाट तयार होते. खांबही त्याच कारणाने डुलतात, म्हणून ते दीड फूट खोल घालून भोवती माती नव्हे, मुरूम आणि गोटे ठोका. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला एक फेरी मारून भेगा बुजवा.

इतकं करून ससा आत आला, तर दाराखाली बघा. बहुतेक वेळा चूक तिथेच असते. खाली फरशीचा उंबरा बसवा. फट दीड इंचाहून जास्त नको.

ससा पळवायला टाकतात ते केस, तिखट, कुजलेल्या अंड्याचं पाणी यांचा वास चार दिवसांचा. पालेभाजीवर तर मारूच नका. फासे, विष किंवा तारेत करंट सोडणं नकोच. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार सशाची शिकार गुन्हा आहे आणि करंटने माणूसही जातो.

प्रश्न : ठिबकच्या नळ्या कुरतडल्या जातात. हेही ससेच?
— एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : ससा, खार, उंदीर, कोणीही. उन्हात त्यांना पाणी हवं असतं. बांधावर पसरट भांड्यात पाणी ठेवा, त्रास कमी होतो. कुरतडलेला भाग सरळ कापून जॉइनर (दोन टोकं जोडणारा तुकडा) बसवा. मग नळीच्या टोकाची एंड कॅप (बूच) उघडून, पाणी सोडून नळी धुऊन घ्या, नाहीतर आत गेलेली माती ड्रिपरमध्ये, म्हणजे थेंब पडतात त्या तोंडात, बसते.