दुकानाची वेबसाइट उघडून लोक लगेच बंद करतात, काय सुधारावं?

तुमचं परभणीत खत-बियाण्यांचं दुकान आहे, पैसे घालून वेबसाइट केली, तरी लोक उघडतात आणि लगेच निघून जातात, असं तुम्ही लिहिलंय. मी लातुरात वेबसाइट बनवायचं काम करतो. रंगरूप बदलायच्या आधी एका गिऱ्हाइकाला शेजारी बसवा, त्याच्याच मोबाइलवर साइट उघडायला सांगा आणि गप्प बघत राहा. काही समजावून सांगू नका.

मी एका आडतीसाठी सोयाबीनचे भाव दाखवणारी साइट केली होती. लॅपटॉपवर देखणी दिसायची. मोंढ्यात एका काकांनी ती भर उन्हात उघडली, हाताचा आडोसा केला आणि म्हणाले, "काहीच दिसंना की." पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं होती. साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ असावा, हा नियम मला पाठ होता, पण मी मोजून पाहिलं नव्हतं. पुढे फॉर्म आला. काकांचा कीबोर्ड मराठी, त्यामुळे मोबाइल नंबर देवनागरी अंकांत पडला आणि फॉर्म म्हणाला, 'नंबर चुकीचा आहे'. बिचाऱ्यांनी बरोबर नंबर तीनदा टाकला, मग फोन खिशात घातला. माझा कोड फक्त इंग्रजी अंक ओळखत होता. दोन ओळींचं काम होतं, पण ते दिसलं तिथे उभं राहिल्यामुळे.

असे पाच जण बसवलेत तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात. वेबसाइट वापरायला सोपी कशी होईल याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी हे २००० सालीच मांडलंय.

तुमच्या साइटवर तर फॉर्मच नको. बोटाला सहज सापडेल असं मोठं 'फोन करा' बटण द्या, दाबलं की थेट नंबर लागला पाहिजे. दरपत्रकाचा फोटो टाकू नका, भाव अक्षरांत लिहा. फोटोतलं ना सहज शोधता येतं, ना अंध माणसाच्या मोबाइलला नीट वाचून दाखवता येतं. मराठी ओळींत अंतर जरा जास्तच ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात. उद्घाटनाचे जड फोटो काढून टाका, खेड्यात रेंज कमी असली की पान त्यांच्यापायीच अडकतं.

हे मृगाच्या आधी उरकून घ्या. तेव्हा जो येईल त्याला एकच विचारायचं असतं: बियाणं आलं का? कोणत्या वाणाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, हे सगळ्यात वर, त्या दिवसाच्या तारखेसह लिहा आणि रोज सकाळी दुकान उघडलं की बदला.