रशियातलं नोरिल्स्क शहर एवढं प्रदूषित का झालं?

मुख्य कारण गंधक. तिथलं निकेल-तांब्याचं खनिज सल्फाइडचं, म्हणजे गंधक असलेलं आहे, ते भट्टीत वितळवलं की सल्फर डायऑक्साइड हा गंधकाचा विषारी वायू सुटतो, आणि वर्षानुवर्षं तो दरसाल जवळपास 20 लाख टन असा थेट हवेत सोडला गेला. आर्क्टिक वृत्ताच्या वरचं हे शहर, बाकी रशियाशी जोडणारा रस्ता नाही की रेल्वे नाही, आणि 1935 पासून ते उभं केलं गुलागच्या, म्हणजे सोव्हिएत सक्तमजुरीच्या छावण्यांमधल्या कैद्यांनी, ते विसरूच नये. शहराबाहेर लार्च झाडांचे नुसते करडे वाळके खांब उभे दिसतात, पान नाही फांदी नाही, बघवत नाही खरंच.

2016 ला शहरातला जुना निकेल कारखाना बंद केला, गंधक पकडायची यंत्रणा मात्र 2023 ला कुठे सुरू झाली. मधे मे 2020 मधे डिझेलची टाकी फुटून सुमारे 21 हजार टन डिझेल सांडलं, बरंचसं नदीत गेलं, अंबारनाया नदी लाल झालेली सॅटेलाइटमधून दिसत होती. तिथले कारखाने चालवणाऱ्या नोरिल्स्क निकेल कंपनीने दोष पर्माफ्रॉस्ट, म्हणजे कायम गोठलेली जमीन, वितळण्यावर टाकला, पण सरकारी चौकशीत बांधकाम आणि देखभालीतल्या चुकाही निघाल्या, आणि 2021 ला कोर्टाने 146 अब्ज रूबल भरायला लावले.