काट्यांचा पट्टा घेण्याआधी

आठ महिन्यांचं कुत्रं फिरताना जीव खाऊन ओढतं, म्हणून काट्यांचा पट्टा घ्यावा का, असं विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका.

तो काम कसा करतो ते समजून घ्या. कुत्रं ओढतं, मानेला टोचतं, म्हणून थांबतं. पण त्याच क्षणी समोर दुसरं कुत्रं किंवा लहान मूल असेल, तर दुखण्याचा संबंध ते त्यांच्याशी जोडू शकतं. मी हे भोगलंय. माझी पहिली कुत्री ओढायची थांबली खरी, पण दुसरं कुत्रं दिसलं की गुरगुरायला लागली. ते घालवायला वर्ष गेलं. ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी तर त्याहून वाईट. श्वासनलिका तिथेच असते. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्समध्ये २०१० पासून बंदीच आहे.

त्याऐवजी हार्नेस, म्हणजे मानेऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा घ्या, छातीवर पुढे दोरीची कडी असलेला. दोरी ताणली की जागेवर उभे राहा, एक पाऊलही टाकू नका. ढिली झाली की लगेच शाबासकी, खाऊ, आणि मग पुढे. सुरुवातीला कोपऱ्यापर्यंतही पोचणार नाही, चालेल. घरातल्या सगळ्यांनी मात्र हेच करायला हवं. एकाने जरी ओढू दिलं तरी सगळी मेहनत पाण्यात.

पट्टा आधीच आणला असेल तर तो घालून कुत्र्याला कधीही बांधून ठेवू नका. आणि मानेला हात लावल्यावर ते कळवळत असेल, तर शिकवणं थांबवा आणि आधी पशुवैद्यांना दाखवा.