धुकं पडलं की द्राक्षाला डावणी हा बुरशीचा रोग येतो, मग कॅलिफोर्नियाच्या धुक्यातली रेड वाइन एवढी नावाजलेली कशी?

ही शंका आमच्या घरातलीच. अथणी तालुक्यात आमची बेदाण्याची बाग आहे. फळछाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पहाटे धुकं दिसलं, की वडील चहा तसाच ठेवून फवारणीच्या तयारीला लागतात. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा कोस्टच्या द्राक्षबागांना धुकं हवंहवंसं असतं असं मी सांगितलं, तर म्हणाले, "त्यांना एक वर्ष इकडं पाठव."

फरक पावसाचा आहे. तिथला पाऊस हिवाळ्यात, वेली झोपलेल्या असताना पडतो. उन्हाळा जवळजवळ कोरडा, त्यामुळे डावणी फारशी नाहीच. भुरी ही दुसरी बुरशी मात्र तिथंही आहे, गंधक त्यांनाही मारावंच लागतं.

तिथं वाऱ्यामुळे समुद्राचं वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. त्यावरून येणाऱ्या हवेचं धुकं होतं. आतली खोरी तापली की ते पेटालुमा गॅपसारख्या खिंडीतून आत ओढलं जातं. पावसाळ्यात चोर्ला घाटातून ढग वर चढताना पाहिलेत ना, तसंच. बहुतेकदा दुपारपर्यंत विरतं.

तिथली मुख्य लाल जात पिनो न्वार. साल पातळ, घड गच्च. कडक उन्हात तिची साखर भरभर चढते आणि आंबटपणा निघून जातो; धुकं तो कडाका कमी करतं. आम्हाला बेदाण्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये गोडीच हवी असते. वाइनवाल्याला गोडीबरोबर आम्लही टिकवायचं असतं, आणि गार रात्री मणी ते कमी खर्च करतो. शिवाय पिकायला जास्त दिवस मिळाले की वासही भरतो. गंमत म्हणजे त्याच किनाऱ्यावरच्या फोर्ट रॉस-सीव्ह्यू भागातल्या बहुतेक बागा ९२० फुटांच्या वर, म्हणजे धुक्याच्याही डोक्यावर आहेत. खाली धुकं, वर ऊन!

पिनो मी गोव्यात एका मित्राकडे प्यालो. रंग कोकम सरबतासारखा पातळ, ग्लासापलीकडची बोटं दिसत होती. मला वाटलं पाणी घातलंय. चव चेरीसारखी, आंबटसर. पण सोबत झणझणीत तांबडा रस्सा होता, दुसऱ्या घोटाला तिखट आणि दारूशिवाय काही कळेना. अळंबीची साधी भाजी किंवा पांढरा रस्सा चालला असता. आणि बाटली पंधरा अंशांच्या आसपास गार हवी. आपल्याकडच्या एप्रिलात तर आधी बराच वेळ फ्रीजमध्ये ठेवाच.